पाया बुजवण्याआधी मोजमाप
(विद्यार्थ्यांच्या जनसंपर्क पुरस्काराची प्रवेशिका कशी तयार करावी, या विषयावर मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय नेहमीपेक्षा जरा वेगळा आहे. आपली मुलं निपाणी, इचलकरंजी, कोल्हापूर, बेळगावला शिकायला जातात. पूर्वी आर्ट्स, कॉमर्स, सायन्स एवढ्यातच सगळं संपायचं. आता काही जण पत्रकारिता आणि जनसंपर्क हे विषय घेतात. त्यांच्यासाठी पुरस्कार असतात, स्पर्धा असतात, आणि त्यासाठी 'एन्ट्री' पाठवावी लागते. मी त्या क्षेत्रातला नाही. स्थापत्याची पदविका घेतली आणि राज्य सरकारच्या नोकरीत लागलो. पण पुरस्काराची प्रवेशिका ही शेवटी फाइलच असते, आणि फाइल कशी उभी राहते आणि कशी पडते हे मी वीसेक वर्षं बघतोय.

आपल्याकडे जनसंपर्क म्हटलं की पेपरात फोटो, हार-तुरे आणि फ्लेक्स एवढंच डोळ्यांसमोर येतं. या व्यवसायाची आपल्या देशातली संस्था, पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया, १९५८ साली स्थापन झाली. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीच्या परिषदेत या लोकांनी स्वतःसाठी आचारसंहिता स्वीकारली. ती १९६५ साली अथेन्समध्ये ठरलेली, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर आधारलेली. म्हणून २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन पाळतात. म्हणजे ज्या दिवशी 'आम्ही लोकांना फसवणार नाही' असं कबूल केलं, तो दिवस त्यांनी आपला मानला. मला ही गोष्ट आवडली.

विद्यार्थ्यांची सगळ्यांत नावाजलेली स्पर्धा अमेरिकेत आहे. जे. कॅरोल बेटमन या जनसंपर्कतज्ज्ञाच्या नावानं ती १९७३ पासून चालते. चार किंवा पाच मुलांचा गट करायचा. त्या वर्षासाठी ठरवून दिलेल्या एखाद्या संस्थेची मोहीम आपापल्या गावात खरोखर राबवायची आणि मग तिचा अहवाल पाठवायचा. नुसता कागदावरचा प्रकल्प चालत नाही. परीक्षक चार गोष्टी बघतात: आधी काय चौकशी केली, काय आखलं, काय केलं, आणि त्यानं काय बदललं. जगातल्या बहुतेक जनसंपर्क पुरस्कारांच्या प्रवेशिका या चार खांबांवरच उभ्या असतात. फॉर्मचा रंग बदलेल, पानांची मर्यादा बदलेल, खांब तेच.

यातला पहिला आणि चौथा खांब आपल्याकडे कच्चा राहतो. मधले दोन आपल्याला छान जमतात. रॅली काढली, पथनाट्य केलं, दोनशे पत्रकं वाटली, फोटो भरपूर. पण आधी काय होतं आणि नंतर काय झालं, याचा आकडा विचारला की सगळे एकमेकांकडे बघतात.

आमच्या बांधकामात एक साधा नियम आहे. पाया बुजवण्याआधी त्याची मोजमाप पुस्तिकेत नोंद करायची. एकदा माती टाकली की खाली किती काँक्रीट गेलं हे देवालाच ठाऊक. मग कोणी कितीही शपथा घेऊ दे, बिल निघत नाही. प्रवेशिकेचं तसंच आहे. मोहीम सुरू झाली की 'आधीची परिस्थिती' बुजली म्हणून समजा. ती परत उकरता येत नाही. म्हणून प्रवेशिका लिहायला घ्यायची ती शेवटच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात नाही, कामाच्या पहिल्या दिवसाच्याही आधी.

आता आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. २०१९ आणि २०२१ चा पूर इथं कुणाला सांगायला नको. यमगर्णीजवळ महामार्गावर वेदगंगेचं पाणी आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. दूधगंगेवरचं काळम्मावाडी धरण महाराष्ट्रात. पाणी सोडल्याची बातमी कोल्हापूरकडून येते, मराठीत. घरं सोडण्याची सूचना आपल्या जिल्ह्याकडून येते, कन्नडमध्ये. मधे व्हॉट्सअ‍ॅपवर मागच्या पुराचे व्हिडिओ फिरत असतात. नदीकाठच्या वस्तीतल्या म्हातारीनं यातलं काय खरं मानायचं? जनसंपर्काच्या विद्यार्थ्याला याहून चांगला विषय दुसरीकडे शोधायला जायची गरज नाही.

समजा तुम्ही पाच जणांनी हे काम घेतलं. पावसाआधी, मे महिन्यात, नदीकाठची पन्नास घरं ठरवा. प्रत्येक घरी तेच तीन प्रश्न विचारा: धरणाचं पाणी सोडल्याचं तुम्हाला कोणाकडून कळतं? ती बातमी खरी की खोटी हे कुणाला विचारता? निघायची वेळ आली तर कुठं जायचं हे माहीत आहे का? उत्तरं वहीत, तारखेसह. ही झाली चौकशी. मग उद्दिष्ट. 'पुराबाबत जनजागृती करणे' हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा आहे. 'या पन्नासपैकी किमान चाळीस घरांना ३० जूनपर्यंत जवळचं निवारा केंद्र आणि खात्रीशीर बातमीची जागा सांगता आली पाहिजे' हे उद्दिष्ट. यात कोण, किती आणि कधीपर्यंत, तिन्ही आहे. नंतर त्याच घरी जाऊन तेच तीन प्रश्न. पन्नासपैकी एकतीसच निघाली तर एकतीस लिहा.

हे मी उगाच म्हणत नाही. १९९५ साली सुरू झालेली पल्स पोलिओ मोहीम आठवा. 'दो बूंद' आपल्या पोरांच्याही तोंडी होतं. बूथचा दिवस झाला की कार्यकर्त्या घरोघर फिरायच्या आणि खडूनं भिंतीवर खूण करायच्या. सगळ्या मुलांना डोस मिळाला तर 'पी'. घर बंद, मूल बाहेरगावी किंवा नकार असेल तर 'एक्स'. मोहिमेचं खरं बळ त्या 'एक्स'मध्ये होतं, कारण परत कुठं जायचं ते त्यानंच कळायचं. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचं पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. तुमच्या प्रवेशिकेतही 'एक्स' घरं दिसू द्या. सगळंच शंभर टक्के यशस्वी दाखवलेल्या कागदावर परीक्षक विश्वास ठेवत नाही. मीही ठेवत नाही.

कात्रणांबद्दल एक सांगतो. बातमी किती सेंटिमीटर छापून आली, त्या जागेच्या जाहिरातीचा दर किती, असा गुणाकार करून 'इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळाली' लिहायची पद्धत जुनी आहे. २०१० साली बार्सिलोनात जगभरच्या मूल्यमापन करणाऱ्यांनी एकत्र बसून ही पद्धत मोडीत काढली. जाहिरातीची किंमत म्हणजे संवादाचं मोल नव्हे, असं स्पष्ट म्हटलं. कात्रणं जोडा, पण ती परिशिष्टात. बातमी आली हा पुरावा झाला, बदल झाला हा नव्हे.

भाषेचा मुद्दा आपल्या मुलांसाठी वेगळा आहे. आपल्या घरात मराठी, कचेरीत कन्नड, आणि प्रवेशिका बहुधा इंग्रजीत. मुलांना वाटतं ही आपली अडचण. मला उलट वाटतं. कोणत्या गल्लीत मराठी पत्रक द्यायचं, कुठं कन्नड, कुठं पत्रक न देता नुसतं कट्ट्यावर बसून बोलायचं, हे तुम्हाला न शिकवता कळतं. मोठ्या शहरातल्या गटाला यासाठी पाहणी करावी लागते. ते प्रवेशिकेत लिहा. दोन्ही भाषांतली पत्रकं जोडा. आणि परीक्षकाला बोरगाव माहीत नाही हे धरून चाला. जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक, बाजार इचलकरंजीचा, धरण महाराष्ट्रातलं, एवढं दोन वाक्यांत सांगितलं की त्याला तुमची अडचणही कळते आणि तुमची करामतही. इंग्रजी साधं असू द्या. कोणाकडून जड शब्द घालून घेऊ नका. दहा मिनिटं जरी विचारलं तरी ते तुमचे नाहीत हे उघडं पडतं, आणि बेटमनसारख्या स्पर्धेत अंतिम फेरीच्या गटांना परीक्षकांसमोर उभं राहावं लागतं.

फोटोंचं भान ठेवा. पुरात अडकलेल्या माणसाचा, रडणाऱ्या बाईचा फोटो विचारल्याशिवाय लावायचा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची संमती लागते, असं २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदाही म्हणतो. एका कागदावर दोन ओळींची संमती, सही किंवा अंगठा. फार वेळ लागत नाही.

पाठवण्याबाबत थोडकंच. त्या वर्षाचं परिपत्रक वाचा, मागच्या वर्षीचं नव्हे. पानमर्यादा ओलांडू नका. जादा पानं वाचली जात नाहीत, नुसती डोळ्यांत येतात. सुरुवातीच्या एका पानात सगळी गोष्ट आली पाहिजे, कारण पुष्कळदा तेवढंच नीट वाचलं जातं. खर्चाचा हिशेब पावत्यांसह द्या. मंडळानं दिलेले पाचशे रुपयेही त्यात दिसू देत. काम कोणी केलं त्या सगळ्यांची नावं घाला. माईक धरणाऱ्याचं नाव पहिलं आणि वही धरणाऱ्या मुलीचं गायब, असं होऊ नये. कॉलेजचं पत्र आठ दिवस आधी मागा, प्राचार्य नेमके त्याच दिवशी मीटिंगला जातात. शेवटच्या रात्री अकराला अपलोड करायला बसू नका, आपल्याकडची लाइट तुम्हाला माहीत आहे. पोच आली की ती छापून ठेवा.

पुराचं काम मे महिन्यापासून. पण हात बसायला यंदाच एक छोटं काम घ्या. निर्माल्य. विसर्जनाच्या जागी आपण दरवर्षी वेगळी पिंपं ठेवतो, आणि तरी किती पाण्यात जातं हे कोणीच मोजलेलं नाही. पाचव्या दिवशी घरगुती गणपती जातील, तेव्हा काहीही न सांगता, न बोलता, पिंपात किती जमलं ते फक्त वजन करून लिहा. मग गल्लीगल्लीत बोला. अनंत चतुर्दशीला परत वजन करा. गणपतींची संख्या दोन्ही दिवशी वेगळी असणार, म्हणून दर गणपतीमागे किती निघालं असा हिशेब धरा. काटा किराणा दुकानातून मागून ठेवलाय. ज्यांना यायचं आहे त्यांनी आरतीनंतर मंडपामागे थांबावं, वही मी आणलेली आहे.