पत्ता बदलतांना



१९८२ सालीं नाशिक महानगरपालिका स्थापन झाली आणि तोंवर स्वतंत्र नगरपालिका असलेलें आमचें सातपूर तिच्यांत सामील झालें. गांवांतील घरांचा पत्ता बदलला. घर मात्र एकहि जागचें हललें नाहीं. जुन्या पत्त्याचें पत्र आलें, तरी टपालवाला तें बिनचूक देऊं शके, कारण त्याला गांव ठाऊक होतें. शिवाय १५ ऑगस्ट १९७२ पासून श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेचा पिनकोड हाताशीं होता. नांवें बदलोत, हद्दी बदलोत. अंक वाट दाखवितो.

संगणकांत असा जाणता टपालवाला नसतो. संकेतस्थळाचा मजकूर सांभाळणारी वर्डप्रेससारखी जी व्यवस्था असते, तिच्यांत चित्रें निरनिराळ्या फोल्डरांत ठेवलेलीं असतात आणि पानापानांत त्यांचा मार्ग लिहिलेला असतो. फोल्डर हलविला आणि पानांतील मार्ग जुनाच राहिला, कीं चित्राच्या जागीं रिकामी चौकट दिसते. पानें दहा असलीं तर हातानें दुरुस्त करतां येतात. हजार असलीं तर सर्वत्र एकदम बदल करण्याची आज्ञा द्यावी लागते. धोका आहे तो तेथेंच.

एका वाचनालयाच्या संकेतस्थळाचें हें काम मीं हौसेनें अंगावर घेतलें. जुनीं छायाचित्रें 'चित्रे/सातपूर' ह्या फोल्डरांत होतीं. तीं 'चित्रे/नाशिक/सातपूर' येथें न्यावयाचीं होतीं. मीं आज्ञा दिली : जेथें 'सातपूर' दिसेल तेथें 'नाशिक/सातपूर' लिही. यंत्रानें ती अक्षरशः पाळली. लेखांतील 'सातपूरचे रहिवासी' पाहतां पाहतां 'नाशिक/सातपूरचे रहिवासी' झाले. कांहीं पानें राहिलीं असावींत ह्या समजुतीनें मीं तीच आज्ञा पुन्हा दिली, तों सर्वत्र 'नाशिक/नाशिक/सातपूर'! आधीं प्रत काढून ठेवलेली नव्हती. दुसऱ्या दिवशीं एका वृद्ध बाईंचा फोन आला : "गुरुजी, आमच्या नानांचा फोटो गेला का हो?" फोटो गेला नव्हता, तो सुखरूप होता. त्याची वाट मात्र मीं पुसून टाकली होती, आणि त्या बाईंच्या दृष्टीनें दोन्ही सारखेंच.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला. तेथें अशीं घाऊक कामें करणाऱ्या प्रोग्रामांना 'सांगकाम्या' म्हणतात. नांव किती यथार्थ! सांगितलें तेवढेंच तो करतो, आणि सांगितलें तें सर्व करतो. २०२३ सालीं औरंगाबादचें छत्रपती संभाजीनगर झालें. पण बिहारमध्येंहि औरंगाबाद नांवाचा जिल्हा आहे. हा भेद आपण सांगितल्यावांचून सांगकाम्याला कळावयाचा नाहीं.

म्हणून ठेंच लागून शिकलेला क्रम सांगतों. प्रथम सर्व मजकुराची प्रत काढून ती परत वाचतां येते, याची खात्री करावी. मग नुसता शब्द न देतां दोन्ही बाजूंच्या तिरप्या रेघांसह पूर्ण मार्ग द्यावा. 'चित्रे/सातपूर/' असें लिहिलें असतें, तर रहिवासी सुटले असते आणि आज्ञा दुसऱ्यांदा देऊनहि बाधा झाली नसती. त्यानंतर रंगीत तालीम घ्यावी, म्हणजे कांहीं न बदलतां किती ठिकाणीं बदल होईल तेवढें विचारावें. वर्डप्रेसच्या कांहीं नोंदींत शब्दाआधीं त्याची लांबीहि लिहिलेली असते. शब्द बदलला आणि लांबी तशीच राहिली, तर ती नोंद वाचतां येत नाहीं. यासाठीं लांबीचा हिशेब ठेवणारें साधनच वापरावें.

शेवटचें काम बहुतेक जण विसरतात. जुन्या मार्गावर 'येथून पुढें जा' अशी पाटी ठेवावी. मराठी विकिपीडियावर तिला पुनर्निर्देशन म्हणतात. संगणकाच्या भाषेंत ३०१ हा अंक म्हणजे कायमचें स्थलांतर. ही पाटी नसली तर आलेल्या माणसास ४०४, म्हणजे 'सांपडलें नाहीं', एवढेंच उत्तर मिळतें.

नानांचें छायाचित्र तीन आठवड्यांनीं पुन्हा दिसूं लागलें. एकेक पान हातानें दुरुस्त करावें लागलें. तेव्हांपासून एक गोष्ट मनाशीं पक्की झाली आहे. घर बदलणें आपल्या सोयीचें असतें. पण जुन्या दारीं येणाऱ्यास नवा पत्ता सांगणें, हें आपलें कर्तव्य असतें.