दगडांनी सांभाळलेले नाव

सौंसर म्हटले की नागपूरकडील माणसास संत्री आठवतात, जामसावळीचा मारुती आठवतो, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार तर आठवतेच. गोटमारीच्या दगडांची वार्ता दरवर्षी वर्तमानपत्रांत येते. परंतु ज्या दगडांनी सौंसरचे नाव जगभरच्या विद्वानांच्या ग्रंथांत नेऊन बसविले, त्यांची आठवण खुद्द आपल्या गावालाही फारशी राहिलेली नाही.

छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा व बालाघाटपर्यंत मँगनीजचा एक पट्टा पसरला आहे. त्यातील अतिप्राचीन खडकांना भूगर्भशास्त्रात ‘सौंसर समूह’ म्हणतात. त्याच्या पोटविभागांची नावे पाहा : मनसर, चोरबावली, जुनेवानी, सीतासावंगी, बिछुआ. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, तेव्हा मराठी बोलणारे सौंसर मध्यप्रदेशात राहिले आणि मनसर-चोरबावली मुंबई राज्यात गेली. पुढे १९६० साली ती महाराष्ट्रात आली. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला व सौंसरचा जिल्हाही बदलला. खडकांनी मात्र यांतील एकाही सीमेची दखल घेतली नाही. नागपूर जिल्ह्यातील मनसरचा खडक आजही सौंसरच्याच कुळात नांदतो.

या भागात मँगनीजचा शोध घेत हिंडलेला भूगर्भतज्ज्ञ म्हणजे फर्मोर. त्याने १९०९ साली हिंदुस्थानातील मँगनीजवर हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. एका खडकाला त्याने येथील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले, ते टिकले. सीतापारच्या खाणीत मिळालेले एक खनिज नवे आहे असे समजून त्याने त्याला ‘सीतापाराइट’ म्हटले. हे नाव मात्र अल्पायुषी ठरले. अमेरिकेतील युटा प्रांतात सापडलेले ‘बिक्सबाइट’ १८९७ सालीच नोंदले गेले होते आणि दोन्ही खनिजे एकच निघाली. शास्त्रात पहिल्या नावाचा मान मोठा. सीतापारचे नाव खोडले गेले. न्याय बरोबर आहे, तरी मन थोडे हळहळतेच!

तिसरी कथा मला सर्वांत मोहक वाटते. दख्खनचा लाव्हा एका दमात वाहिला नाही. दोन प्रवाहांच्या मधल्या शांत काळात त्यावर तळी साचली, पाणवनस्पती वाढल्या, आणि गारेचा अंश असलेल्या पाण्याने त्या जशाच्या तशा दगड होऊन राहिल्या. सौंसरच्या आसपासच्या अशा दगडांवर बिरबल साहनी व एच. एस. राव यांनी १९४३ साली निबंध प्रसिद्ध केला. त्या दगडांत तळ्यातील एका शेवाळाची खसखशीएवढी, पीळदार फळे होती. त्यांचे नामकरण झाले ‘चारा सौसरी’! शेतकऱ्याने हसू नये. हा चारा गुरांचा नव्हे, तो शास्त्रीय शब्द आहे. गंमत अशी की त्याच दगडांत आढळलेल्या अझोला या तरंगत्या वनस्पतीची आजची भावंडे शेतकरी खरोखरच गुरांसाठी वाढवितात.

अशा वनस्पतींच्या आधारे साहनींनी दख्खनचा लाव्हा पूर्वी मानीत त्याहून अलीकडचा असल्याचे प्रतिपादिले होते. आजच्या मोजणीने त्याचा मुख्य काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे नेमका दोन युगांच्या उंबरठ्यावरचा ठरतो. वाद पूर्णपणे कोणाच्याच बाजूने सुटला नाही.

छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलां तर अशा अवशेषांसाठी प्रसिद्धच आहे. (आपल्या सौंसरजवळचे हवेलीचे मोहगाव ते हे नव्हे, ते छिंदवाड्याकडे आहे.) तेथील एका फळाने साहनींना इतके कोड्यात टाकले की १९४३ साली त्यांनी त्याचे नावच ‘एनिग्मोकार्पन’, म्हणजे कोड्याचे फळ, असे ठेवले. पुढच्याच वर्षी व्ही. बी. शुक्ल यांनी तेथील एक दगडी फूल वर्णिले, त्याला साहनींचे नाव दिले, आणि या फळाशी त्याचे नाते जुळविले. कुळ मेंदीचे!

असे दगड खाणीत शोधावे लागत नाहीत. नांगराने उकरलेली ओबडधोबड गार शेतकरी बांधावर फेकतो, तीतही एखादे फळ असू शकते. पुढच्या वेळी तुमच्या बांधावर अशी गार दिसली, तर ती फोडण्यापूर्वी ओली करून भिंगाखाली धरा. पीळ दिसलाच, तर ती कोणत्या शेतात मिळाली तेवढे कागदावर लिहून तिच्याजवळ ठेवा.