हर्सूलच्या गेटबाहेर



तुरुंगावर बोलायचं म्हटलं की आपल्यातलेच काही जण तोंड वाकडं करतात. चोर-दरोडेखोरांचं काय घेऊन बसलात, म्हणतात. मी त्यांना विचारतो, आत कोण आहे ते बघितलंय का कधी? सरकारनंच मोजलंय. 2022 च्या अखेरीला देशभरच्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार माणसं होती. त्यातली 4 लाख 34 हजार कच्चे कैदी. म्हंजे शिक्षा झालेलीच नाही. खटला पडून, माणूस आत. त्यांत पाचातला एक अनुसूचित जातीचा. आदिवासी, मुसलमान मिळवा. भटक्या-विमुक्तांचा तर वेगळा आकडाच ठेवत नाहीत. मग सांगा, या देशातली सगळ्यात मोठी दलित वस्ती कुठल्या भिंतीआड आहे?

आता जामिनाचं बघा. कोर्ट जामीन देतं आणि जामीनदार मागतं. जामीनदाराकडं सातबारा पाहिजे, नाहीतर तहसीलची सॉल्व्हन्सी. ज्याच्या बापजाद्याला गावानं वेशीच्या आत घेतलं नाही, त्यानं सातबारा कुठून आणायचा? मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला 10 हजारांचा जामीनदार मागितला होता. भावानं हमी दिली, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारली. 1978 साली न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला 1 हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं. ते सालच लक्षात ठेवा. त्याच साली इकडं नामांतराच्या ठरावावर मराठवाड्यात आपली घरं जळत होती. त्यानंतर शहराचं नाव बदललं, विद्यापीठाचं बदललं. सातबारा मागणारा कारकून बदलला नाही.

जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात कलम 479 आहे. पहिल्यांदाच अडकलेल्या माणसानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानं करायचा. चांगलंय. पण पुढची ओळ वाचा: अंगावर एकापेक्षा जास्त केसेस असतील तर हे लागू नाही. पारध्याच्या पोराला एका घरफोडीत उचललं की आणखी चार कशा चिकटतात, ते मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?

1871 च्या कायद्यापासून इंग्रजांनी अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी, मांग गारुडी. सोलापूरला काटेरी तारेत कोंडलं. 1952 साली कायदा गेला, त्याच्या जागी 'सराईत' हा शब्द आला. ऑक्टोबर 2024 मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातली जातीवरची कामं घटनाबाह्य ठरवली. झाडू अमक्याला, चूल तमक्याला, हे बंद. रजिस्टरातला जातीचा रकाना खोडा म्हणाले. घटना येऊन 74 वर्षं झाली तेव्हा कुठं हे सुचलं!

सुधारणा होत नाही म्हणणाऱ्यांनी आटपाडीला जाऊन यावं. औंध संस्थानात 1939 साली मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकारानं स्वतंत्रपूर वसलं. बंद्यांनी बायकामुलांसह राहायचं, शेती करायची. शांतारामबापूंनी त्यावर 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरकारनं बक्षीस दिलं. आपल्या पैठणलाही 1968 मध्ये खुलं कारागृह झालं. जायकवाडीच्या कामावर बंदी राबले. पाणी कुणाच्या उसाला गेलं ते सोडा. पण खुलं कारागृह शिक्षा झालेल्यालाच. कच्चा कैदी निर्दोष धरायचा आणि त्यालाच बंद बराकीत जास्त चेपून ठेवायचं, हा कुठला न्याय?

आता माझा मुद्दा. हर्सूलच्या गेटच्या आत गृहखातं आहे. गेटबाहेर परिवीक्षा अधिकारी आहे, तो महिला व बालविकास खात्याचा. एक खातं माणूस सोडतं आणि दुसऱ्याला तो दिसतच नाही. मधल्या रस्त्यावर त्याला भेटतो तो पोलीस. चार वर्षांनी सुटलेल्याचं रेशनकार्डातलं नाव गेलेलं, भाड्याची खोली गेलेली, कामावर ठेवायला कुणी तयार नाही. 'जिव्हाळा' योजना 2022 मध्ये येरवड्यात सुरू झाली, राज्य सहकारी बँक बंद्याला 50 हजारांपर्यंत कर्ज देते. तेही शिक्षा झालेल्यालाच. निर्दोष सुटणाऱ्याच्या हाती काय? पिशवी.

1894 च्या कायद्याच्या जागी नवं विधेयक डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मांडलं गेलं. नावात 'सुधारसेवा' आहे. नाव चांगलं आहे. मी म्हणतो, आत-बाहेरची दोन्ही खाती एका टेबलावर बसवा. माणूस आत गेला त्या दिवशीच त्याची बाहेर यायची फाईल उघडा. वकील, आधार, बँकेचं खातं, घरच्यांचा पत्ता, सगळं तिच्यात. कच्च्या कैद्यालाही काम आणि पूर्ण मजुरी द्या. हे करायला नवी भिंत लागत नाही, माणसं लागतात.

तोवर आपण बसून राहायचं नाही. केंद्राची 2023 ची गरीब बंद्यांची योजना आहे, जामिनासाठी आणि दंडासाठी मदत मिळते. वस्तीतल्या किती आयांना हे ठाऊक आहे? भीमनगर, मिलिंदनगर, पारध्यांचे पाल, घरोघर जा. आत कोण आहे, केस नंबर काय, कलम कुठलं, अटकेची तारीख कोणती, एवढं वहीत लिहून आणा. एक तृतीयांश भरलेल्यांची यादी वेगळी काढू, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या टेबलावर ठेवू आणि पोच घेऊनच उठू.