मावशीचं घर



जुलै-ऑगस्ट आला की आपल्याकडे अनेक घरांत वजनकाटा बाहेर निघतो. बॅग किती किलोची झाली, भाजणी किती घ्यायची, मेतकूट किती, प्रेशर कुकर मावेल की नाही, अशी चर्चा चालते. मुलगा किंवा मुलगी शिकायला अमेरिकेला निघालेली असते. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ११ लाखांहून अधिक परदेशी विद्यार्थी होते आणि त्यांत ३ लाख ३१ हजारांहून अधिक आपल्या भारतातले होते.

या मुलांना विमानतळावर घ्यायला कोण येतं? कधी आधी गेलेली आपलीच मुलं येतात. पण विद्यापीठाच्या गावांतून पुष्कळदा चर्चची मंडळीही गाडी घेऊन उभी असतात. ते मुलांना खोलीवर सोडतात, जुनी गादी, टेबल, भांडी देतात. शुक्रवारी जेवायला बोलावतात. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत वसतिगृह ओस पडतं, तेव्हा घरी घेऊन जातात. इकडे फोनवर हे कळलं की आई विचारते, ''एवढं करतात ते ठीक, पण त्यांना हवंय काय?''

आईचा प्रश्न रास्त आहे, आणि तो आजचा नाही. न्यूयॉर्कला १९०९ साली हॅरी एडमंड्स नावाचे वायएमसीएचे एक कार्यकर्ते होते. कोलंबिया विद्यापीठाच्या पायऱ्यांवर त्यांनी एका चिनी विद्यार्थ्याला सहज 'गुड मॉर्निंग' म्हटलं. तो विद्यार्थी थबकला. तीन आठवडे या शहरात आहे, पण आपणहून बोललेले तुम्हीच पहिले, असं त्यानं सांगितलं. एडमंड्स पतिपत्नींनी मग परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे, रॉकफेलर यांच्या देणगीतून, १९२४ साली न्यूयॉर्कचं इंटरनॅशनल हाउस उभं राहिलं. दरम्यान १९११ साली जॉन मॉट यांच्या पुढाकारानं परदेशी विद्यार्थ्यांशी स्नेह जोडण्यासाठी एक समितीही निघाली होती. हेतू ख्रिस्ती होता, तो कुणी लपवलाही नव्हता. मग विश्वास कशावर बसायचा? त्यासाठी आपल्याच दोन बायकांची हकीकत आठवावी लागते.

१८७८ साली गोपाळराव जोशी कोल्हापुरात पोस्टात नोकरीला होते. पत्नी आनंदीबाईंना अमेरिकेत शिकवावं, म्हणून त्यांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. वाइल्डरसाहेबांनी ते आपल्या नियतकालिकात छापलं आणि आधी ख्रिस्ताचा स्वीकार करावा, अशा अर्थाचं उत्तर जोडलं. पुढे १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या तोच अंक चाळला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडलं, आपलं घर देऊ केलं, आणि धर्माची अट घातली नाही. पत्रांतूनच त्या आनंदीबाईंच्या 'मावशी' झाल्या.

निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केलं. हे बंगालमधलं श्रीरामपूर, बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी वसवलेलं कॉलेज. तिथं उभं राहून सतरा वर्षांच्या मुलीनं सांगितलं की, मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि मावशीच्या घरी राहिल्या. साडी, कुंकू, शाकाहार, सगळं तसंच राहिलं. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात गेल्या. तिथल्या डीन रेचेल बॉडली श्रद्धाळू ख्रिस्ती, पण आनंदीबाईंवर त्यांनी माया केली ती विद्यार्थिनी म्हणून. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. वर्षाच्या आत पुण्यात क्षयानं गेल्या. गोपाळरावांनी त्यांची रक्षा मावशीकडे पाठवली आणि कार्पेंटर कुटुंबानं ती पोकिप्सी इथं आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवली. हिंदू राहिलेल्या मुलीला त्या ख्रिस्ती कुटुंबानं घरच्यांमध्ये जागा दिली.

दुसरी हकीकत पंडिता रमाबाईंची. त्याही १८८३ मध्येच इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या जोगिणींच्या मठात उतरल्या. तिथं २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता सगळं सुरळीत होईल, असं कुणालाही वाटावं. पण खरी कसोटी तिथून सुरू झाली. रमाबाई संस्कृत पंडिता. प्रश्न विचारल्याशिवाय त्या काही मानणाऱ्या नव्हत्या. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चची सत्ता, बायकांनी पुरुषांना शिकवावं की नाही, सगळ्यांवर त्या वाद घालू लागल्या. सिस्टर जेराल्डिन यांचा त्यांच्यावर जीव होता, पण त्यांची अपेक्षा आज्ञापालनाची होती. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांची रीत वेगळी. हिच्या शंका हुकमानं मिटणार नाहीत, हिला विचार करायला मोकळीक आणि वेळ द्यायला हवा, असं त्यांचं म्हणणं. ही सगळी पत्रं १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली मुंबईत प्रसिद्ध झाली आहेत. ती वाचताना लक्षात येतं की माया दोघींकडेही होती. धीर मात्र बीलबाईंकडे अधिक होता.

यात आणखी एक नाजूक गोष्ट आहे. आपली मुलं खाल्ल्या मिठाला जागणारी. ज्यांनी गादी दिली, चार वेळा जेवू घातलं, त्यांनी बायबल वाचायला बोलावलं तर 'नको' कसं म्हणायचं? म्हणून ती जातात, मान डोलावतात. यजमानांना वाटतं, पोरगा ओढला गेला. खरं तर तो भिडेखातर बसलेला असतो. भीड म्हणजे श्रद्धा नव्हे. घाई करणाऱ्याला हा फरक कळत नाही आणि कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. मुलगा फोन उचलेनासा होतो, आणि दोन्हीकडची मनं दुखावतात. प्रामाणिक ख्रिस्ती माणसालाही असा मिंधेपणातून आलेला होकार नकोच असणार.

विश्वासाला घरच्यांचीही बाजू असते. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलं होतं. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करीत आणि काही मुली तिथं येऊन बसू लागल्या. आपण कुणावर बळजोरी केली नाही आणि दारही लावून घेणार नाही, ही रमाबाईंची भूमिका. पण मुली पाठवताना आपण काय समजलो होतो, हा पालकांचा सवाल. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक मुलींना घरी नेण्यात आलं. त्यांत विधवा होत्या. त्यांचं शिक्षण थांबलं. दोन्ही बाजूंना आपापलं खरं वाटत होतं. किंमत मुलींनी मोजली.

म्हणून आईच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर तीन गोष्टी पाहाव्यात. बोलावणं कशाचं आहे हे आधी स्पष्ट सांगितलं का? जेवणाचं म्हणून बोलावून प्रवचन ऐकवलं, तर तिथं विश्वास संपला. दुसरं, मदत अटीवर आहे का? आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: मुलानं नम्रपणे 'नाही' म्हटल्यावर पुढच्या शुक्रवारी जेवायला बोलावतात का? बोलावत असतील तर ते घर मावशीचं आहे असं समजावं. मुलाला तिथं निर्धास्त जाऊ द्यावं, आपल्या धर्माविषयी त्यांनी विचारलं तर मोकळेपणानं सांगू द्यावं, त्यांचंही ऐकू द्यावं.

आणि जाता जाता आपल्यासाठीही एक. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांत आफ्रिकेतून, नेपाळहून, अफगाणिस्तानातून मुलं शिकायला येतात. खोली शोधताना त्यांना किती दारांवरून परत जावं लागतं, हे आपल्याला ठाऊक आहे. आपला धर्म कोणताही असो, यंदाच्या दिवाळीत त्यांच्यातल्या एखाद्याला फराळाला बोलवायला काय हरकत आहे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)