गोंदणाची जखम आणि पारदर्शक पट्टी

गोंदण हे महाराष्ट्रातील स्त्रियांचे जुने लेणे. आज शहरांतील तरुणांनीही ते ‘टॅटू’ या नावाने आपलेसे केले आहे. नाव बदलले, तरी सुई आजही कातडीच्या आतल्या थरापर्यंत शिरते. ताजे गोंदण ही एक जखमच असते.

जखम उघडी ठेवून तिच्यावर खपली धरू द्यावी, असा समज पूर्वापार होता. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांवर प्रयोग करून दाखविले की, पातळ पापुद्र्याखाली ओलसर राहिलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने येते. गोंदणावरील पारदर्शक चिकटपट्टी याच तत्त्वावर आधारलेली आहे. पॉलियुरेथेनचा हा पापुद्रा बाष्प बाहेर जाऊ देतो. पाणी व जंतू यांना मात्र अटकाव करतो.

पहिल्या पट्टीखाली शाईमिश्रित द्रव साचतो; त्यात भिण्याजोगे काही नाही. साधारणतः एका दिवसाने ती हलक्या हाताने काढून जागा धुवावी, कोरडी करावी व नवी पट्टी काही दिवस ठेवावी. कडा सुटून पाणी आत शिरल्यास किंवा पुरळ उठल्यास पट्टी काढून टाकावी. लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये.

पट्टी बाहेरचे जंतू रोखते. दूषित सुईवाटे रक्तात शिरलेली ‘बी’ किंवा ‘सी’ प्रकारची कावीळ ती रोखू शकत नाही. म्हणून निर्जंतुक, नवी सुई आपल्या डोळ्यांदेखत उघडली जावी, असा आग्रह गोंदून घेणाऱ्या प्रत्येकाने धरला पाहिजे.