मिठागरातला गुणाकार



आज उरणच्या मिठागरांवर जाऊ या.
बंदर आलं, भराव पडले,
पुष्कळ मिठागरं गेली.
पण रसायनशास्त्रातला समतोल स्थिरांक
समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घेतात.
उन्हानं ते आटतं.
आधी जिप्सम खाली बसतं, नंतर मीठ.

मीठ नेमकं कधी बसतं?

विरघळलेल्या सोडियमची संहती घ्या.
तिला क्लोराइडच्या संहतीनं गुणा.
तळाशी बसलेला मिठाचा खडा हिशोबात धरायचा नाही.
पुन्हा सांगतो, खडा धरायचा नाही.
मुलं इथेच गुण घालवतात!

एक किलो पाण्यात साधारण ६ मोल मीठ विरघळतं.
म्हणजे सोडियम ६, क्लोराइडही ६.
सहा सक छत्तीस.
हा झाला आपला स्थिरांक, अर्थात ढोबळ.
इतक्या दाट द्रावणात
काटेकोर हिशोब जरा वेगळा करतात.

आता समुद्राचं पाणी घ्या.
त्यात दोन्ही अर्ध्या मोलच्या आसपास.
अर्धा गुणिले अर्धा, पाव.
पाव कुठे आणि छत्तीस कुठे!
म्हणून उरणच्या मोरा बंदराच्या पाण्यात
मिठाचे खडे दिसत नाहीत.

पाणी आटतं, तसा गुणाकार वाढतो.
छत्तीसच्या घरात पोचला, की मीठ धरतं.
पुढे पाणी आटलं, तरी गुणाकार फारसा वाढत नाही.
जास्तीचं मीठ खडा होऊन बाहेर येतं.
शेवटी मॅग्नेशियमचं कडू पाणी उरतं.
ते काढून टाकतात.

विद्यार्थी मित्रांनो, पुढचं उदाहरण सोडवताना
आधी घन पदार्थ बाजूला काढा,
मगच गुणाकाराला हात घाला.