मार्लीचा पोरगा आणि शिंद्यांचा नातू

अमरावतीहून अकोल्याच्या बसमध्ये बसला असाल तर इअरफोन लावा. मूर्तिजापूर यायच्या आधी आपली गोष्ट संपते.

आजचा प्रश्न असा आहे: बापाचा आवाज आधीच सगळ्यांच्या कानात बसलेला असेल, तर पोरानं गायचं तरी काय?

आधी जमैकाला जाऊ. रेगेचा बादशाह बॉब मार्ली १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी गेला. त्याचा मुलगा डेमियन तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. म्हणजे बाप साऱ्या जगाच्या टी-शर्टवर, अन् पोराच्या वाट्याला जेमतेम आलेला. डेमियननं बापाची नक्कल केली नाही. रेगेचा ठेका ठेवला आणि त्यात डान्सहॉल, हिपहॉप मिसळलं. २००५ चं त्याचं 'वेलकम टू जॅमरॉक' ऐका. पर्यटकांना न दिसणारा जमैका त्यात आहे, गरिबी अन् बंदुकांचा. त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. २०११ मध्ये तर हा गडी आपल्या ए. आर. रहमानसोबत 'सुपरहेवी' बँडमध्ये होता.

आता घरी या. आपल्याकडे असं घराणं आहे का? आहे ना बाप्पा! शिंदे घराणं.

प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याचे, जन्म १९३३ चा. कव्वाली गायले, विठ्ठलाची गाणी गायले, भीमगीतं गायले. २००४ मध्ये गेले, पण आषाढीला आजही त्यांचा आवाज लाऊडस्पीकरवर असतोच. मग आली कॅसेट. आनंद आणि मिलिंद ही त्यांची मुलं त्या जमान्यातली. 'नवीन पोपट हा' माहीत नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधून दाखवा!

तिसरी पिढी म्हणजे आनंद शिंदे यांचा मुलगा आदर्श. २०१३ च्या 'दुनियादारी'तलं 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' त्यानं गायलं आणि कॉलेजातल्या पोरांच्या मोबाईलमध्ये शिंदे आडनाव नव्यानं शिरलं. २०१६ मध्ये 'पोश्टर गर्ल' सिनेमात बापलेक एकत्र गायले, 'आवाज वाढव डीजे'. अन् २०१९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या मालिकेचं शीर्षकगीतही आदर्शच्याच आवाजात आलं. म्हणजे सिनेमात गेला, पण आजोबांची वाट सोडली नाही. भाऊ उत्कर्ष तर डॉक्टर आहे, तरी गातोच.

दोन्ही घरांत एक गोष्ट सारखी आहे. हे संगीत सभागृहात जन्मलं नाही. किंग्स्टनच्या वस्त्यांमध्ये मोठाले स्पीकर रस्त्यावर मांडून लोक नाचायचे. त्याला ते साऊंड सिस्टीम म्हणतात. आपल्याकडे भीमगीतांनी कव्वालीच्या टाळ्या घेतल्या, ढोलकी घेतली आणि रात्र रात्र रस्त्यावर कार्यक्रम रंगवले. ज्यांच्या हातात पुस्तक पोचलं नव्हतं, त्यांच्यापर्यंत बाबासाहेब गाण्यातून पोचले.

आता जरा खुपणारी गोष्ट. इंजिनिअरिंगला असताना होस्टेलच्या भिंतीवर बॉब मार्लीचं पोस्टर असायचं. 'प्रोटेस्ट म्युझिक आहे भाऊ,' असं कौतुकानं सांगायचे. अन् १४ एप्रिलला त्यातलीच काही पोरं म्हणायची, 'आज कान फुटणार.' जमैकातला विद्रोह चालतो, मग इर्विन चौकातला किंवा अशोक वाटिकेतला काहून चालत नाही? आवाजाच्या मर्यादेचा मुद्दा बरोबर आहे, पण तो लग्नाच्या वरातीला अन् गणपतीलाही तितकाच लागू आहे.

मार्ली आडनाव ऐकलं की दारं उघडतात. आपल्याकडे आडनाव विचारतात ते बऱ्याचदा जात काढायला. एकच गळा विठ्ठलाचं गायला की 'आपला', बाबासाहेबांचं गायला की 'त्यांचा'. प्रल्हाद शिंद्यांनी स्वतः असा फरक केला नाही. दोन्ही गाणी त्यांनी एकाच जीव तोडून गायली. फरक करणारे कान आपले आहेत.

म्हणून या आठवड्याचा होमवर्क: एक गाणं डेमियनचं, एक आदर्शचं आणि एक प्रल्हाद शिंद्यांचं भीमगीत. तिन्ही लागोपाठ ऐका. आवडलं तर होस्टेलच्या ग्रुपवर टाका, अन् कोण काय म्हणतं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!